काळा आजार आणि एका दिवसाचा उपचार

मराठी माणसाच्या मनातील काशी ही घाटांची, गंगेची आणि विश्वेश्वराची काशी असते. घाटांच्या या रांगेचे दक्षिण टोक म्हणजे अस्सी घाट. त्याच्याही दक्षिणेला लंका नावाच्या वस्तीपाशी बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे भव्य प्रवेशद्वार उभे आहे. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी स्थापन केलेल्या या विद्यापीठाच्या आवारात वैद्यकीय विज्ञान संस्था आहे आणि तिला जोडलेले सर सुंदरलाल रुग्णालय आहे. पूर्व उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून निघालेले रोगी दीर्घकाळापासून या रुग्णालयाची वाट धरीत आले आहेत. त्यांच्यातील काहींचे दुखणे असे होते, की त्याचे नाव मराठी माणसाला भाषांतरावाचून कळावे. परंतु ते दुखणे मात्र महाराष्ट्राने फारसे पाहिलेले नाही. ते दुखणे म्हणजे काळा आजार.

या आजारात ताप येतो आणि जाता जात नाही. आठवडे लोटतात, महिने लोटतात. पोटात डाव्या बाजूस असलेली प्लीहा, जिला आपल्याकडे पाणथरी म्हणतात, ती फुगत फुगत बेंबीपर्यंत येऊन पोहोचते. रक्त आटते, हातापायांच्या काड्या होतात, पोट तेवढे पुढे दिसते आणि अंगाची कांती काळवंडते. नावाचा उगम तेथेच आहे. उपचार झाला नाही तर बहुतेक रोगी दगावतात. पुष्कळदा ते या आजाराने मरत नाहीत, तर क्षीण झालेल्या शरीरात शिरलेल्या क्षयाने, फुप्फुसदाहाने किंवा अतिसाराने मरतात.

रोगाचे कारण १९०३ साली उघड झाले. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे आजारी पडून इंग्लंडात मरण पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना सूक्ष्म अंडाकृती कण दिसले होते. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच आढळले. दोघांच्याही नावांची आठवण रोनाल्ड रॉस यांनी त्या परोपजीवी जीवाच्या नावात कायमची गोवली. हा जीव एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेते ती वाळूमाशी. नावात माशी असली तरी ती डासाहूनही लहान असते. तिला लांब उडता येत नाही. ती उड्या मारल्यासारखी भिंतीवरून पुढे सरकते. मातीच्या भिंतींतील भेगा, गोठ्यातील ओल, शेणामातीत मिसळलेला पालापाचोळा ही तिची आवडती स्थाने. अर्थात ज्याचे घर कुडाचे आणि ज्याचा गोठा घराला लागून, त्याच्याच वाट्याला ती अधिक येते. विदर्भातील श्रोत्यांना या कीटकाच्या कुळाची ओळख दुसऱ्या वाटेने आहे: नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव ज्या विषाणूला १९६५ साली मिळाले, तो विषाणू पसरविण्याचा आळ याच कुळातील माश्यांवर आहे.

काळ्या आजारावरचे पहिले प्रभावी औषध भारतातच तयार झाले. कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात, जिथे साधनांची वानवा होती अशा एका खोलीत, उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० साली अँटिमनी या धातूपासून युरिया स्टिबामाइन बनविले आणि त्याने असंख्य प्राण वाचले. पुढे त्याच धातूची अधिक सुधारलेली संयुगे आली. १९५० नंतरच्या दशकात हिवतापाविरुद्ध घरोघर डी. डी. टी.ची फवारणी झाली, तेव्हा डासांबरोबर वाळूमाशीही मेली आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि तो परतला. १९७७ साली उत्तर बिहारमध्ये त्याची मोठी साथ उसळली. १९९२ या एकाच वर्षी भारतात ७७,१०२ रोगी आणि १,४१९ मृत्यू नोंदले गेले. नोंद न झालेल्यांची गणती कोण करणार?

वाराणसीच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक श्याम सुंदर आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाला खरी धार आली ती या पुनरागमनाच्या काळात. ते अध्यापन करीत वाराणसीत. पण रोगाचे माहेरघर गंगेच्या उत्तरेला, मुजफ्फरपूर आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत होते. म्हणून त्यांनी मुजफ्फरपूर येथे काळ्या आजाराचे संशोधन केंद्र उभारले. प्रयोगशाळा विद्यापीठात आणि रुग्णशय्या रोग्याच्या गावाजवळ, अशी ही मांडणी होती. पुढे जे काही साधले, त्याचे पुष्कळसे श्रेय या मांडणीलाच द्यावे लागेल.

आरंभी प्रश्न असा होता, की अँटिमनी आता पूर्वीसारखे का लागू पडत नाही? सत्तर वर्षे कामी आलेले औषध, महिनाभर रोज एक याप्रमाणे टोचून घेतल्यावरही, अनेकांना बरे करीनासे झाले होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या गटाने बिहारमधील २०९ आणि शेजारच्या उत्तर प्रदेशातील १११ रोगी घेतले. औषध तेच, मात्रा तीच, दिवसही तेवढेच, तीस. उत्तर प्रदेशात शेकडा ८६ रोगी बरे झाले. बिहारमध्ये शेकडा ३५. एकाच मैदानातील दोन शेजारी प्रांत, मध्ये ना डोंगर ना समुद्र, आणि फरक इतका! औषधाचा दोष असता तर तो दोन्हीकडे दिसला असता. परोपजीवी जीवच बिहारमध्ये निर्ढावला होता.

तो निर्ढावला कसा? या संशोधकांनी १९९४ सालीच एका पाहणीत दाखविले होते, की बिहारमधील जेमतेम चौथ्या हिश्शाच्या रोग्यांना ठरलेल्या नियमाप्रमाणे औषध मिळाले होते. कोणी थोड्या मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवीत, कोणी मूत्रपिंडाला विसावा म्हणून मध्येच औषध थांबवीत आणि पुष्कळ रोगी ताप उतरताच स्वतःच सुया बंद करीत. अर्धवट मार खाल्लेला शत्रू मार सोसण्यास शिकतो, तसेच येथे घडले. या कारणाला २०१३ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एका शक्यतेची जोड दिली. बिहारच्या कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक असते आणि आर्सेनिक हे रासायनिक दृष्ट्या अँटिमनीचे जवळचे नातलग आहे. आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्या उंदरांच्या शरीरात वाढविलेले परोपजीवी पिढ्यांगणिक अँटिमनीलाही दाद देईनासे झाले. उंदरांवरून माणसांविषयी निर्णय देणे घाईचे होईल. तरी नदीतळ्यांच्या घाण पाण्यापासून वाचविण्यासाठी खणलेल्या कूपनलिकांनीच एका औषधाची धार बोथट करण्यास हातभार लावला असण्याची ही शक्यता मन अस्वस्थ करणारी आहे.

रोग्याने सुया मध्येच बंद केल्या याबद्दल त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या संसाराकडे पाहिले पाहिजे. काळा आजार प्रामुख्याने शेतमजुरांच्या घरात शिरतो. महिनाभर रोज दवाखान्यात जायचे म्हणजे महिनाभर रोजंदारी बुडणार. आजारी मूल असेल तर आई त्याच्यापाशी बसणार आणि तिचीही मजुरी जाणार. औषधाला पैसे, वाटखर्चाला पैसे, दवाखान्याबाहेर खाण्याला पैसे. त्यासाठी आधी बकरी विकली जाते, मग गाय, मग कर्ज. ताप उतरला की घरातील शहाणी माणसेच म्हणतात, आता पुरे. औषधशास्त्राच्या ग्रंथात उपचाराचे दिवस हा एक आकडा असतो; मजुराच्या घरात तो संपूर्ण वर्षाचा हिशेब असतो. वाराणसीच्या संशोधनाचा पुढील सगळा प्रवास हा वस्तुतः या दिवसांविरुद्धचा लढा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

रोगाची ओळख पटविण्याची रीतही काही सोपी नव्हती. खात्रीचा उपाय एकच: पोटातून सुई घालून प्लीहेतील द्रव काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली परोपजीवी शोधायचा. फुगलेल्या प्लीहेला सुई लागून आत रक्तस्राव झाला तर प्राणाशी गाठ. खेड्यातील आरोग्यकेंद्रात हे करणार कोण? १९९८ साली श्याम सुंदर आणि अमेरिकेतील स्टीव्हन रीड प्रभृतींनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका कागदी पट्टीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त पट्टीवर टेकवायचे आणि काही मिनिटांत रेघ उमटते का ते पाहायचे. खात्रीने काळा आजार असलेल्या १२७ रोग्यांपैकी एकही त्या पट्टीतून निसटला नाही. पट्टीला उणीव आहे. रोगी बरा झाल्यावरही रेघ दीर्घकाळ उमटत राहते, म्हणून आजार उलटला की नाही हे ती सांगू शकत नाही. पण पहिल्या निदानासाठी प्लीहेत सुई घालण्याची पाळी खेड्यातील रोग्यावर येईनाशी झाली.

अँटिमनी हरल्यावर हाताशी राहिले ते अँफोटेरिसिन. मूळचे ते बुरशीवरचे औषध, व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालेले. काळ्या आजाराला ते उत्तम लागू पडे; परंतु शिरेतून, एक दिवसाआड, पंधरा वेळा द्यावे लागे. प्रत्येक वेळी रोग्याला हुडहुडी भरे आणि ताप चढे. मूत्रपिंडावर परिणाम होतो की काय हे पाहण्यासाठी रक्त तपासावे लागे. म्हणजे एकूण २९ दिवस रुग्णालयातच मुक्काम.

त्यानंतर आले मिल्टेफोसीन. हे कर्करोगासाठी जर्मनीत तयार झालेले औषध होते. त्याचे मोठे वैशिष्ट्य असे, की ते तोंडाने घेता येई. काळ्या आजारावर असे औषध पूर्वी कधीच नव्हते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २९९ जणांना ते दिले गेले आणि शेकडा ९४ जण बरे झाले. त्याच वर्षी भारतात त्याला परवानगी मिळाली. सुई नाही, खाट नाही, गोळ्या घेऊन घरी जा! आनंद रास्तच होता. तथापि दिवस मात्र अजून २८ उरले होते आणि ते आता देखरेखीवाचूनचे होते. गोळ्यांनी उलट्या होत. गर्भाला अपाय होण्याचे भय असल्याने बाळंतपणाच्या वयाच्या स्त्रियांना त्या देताना मोठी दक्षता लागे. दहा वर्षांनी त्याच संशोधकांनी पुन्हा मोजदाद केली, तेव्हा बरे होणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९० वर आले होते. स्वतः पुढे आणलेल्या औषधाची घसरण स्वतःच मोजून जाहीर करणे, हे संशोधकाच्या कर्तव्यातच मोडते. तरी ते सर्वांनाच साधते असे नाही.

दिवस खऱ्या अर्थाने तोडले ते जुन्याच अँफोटेरिसिनच्या नव्या रूपाने. या रूपात औषध स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म पुटिकांत भरलेले असते. यातील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. काळ्या आजाराचा परोपजीवी रक्तात मोकळा हिंडत नाही. तो प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा यांतील ज्या पेशी शरीरातील केरकचरा गिळतात, त्यांच्याच पोटात दडून बसतो. पहारेकऱ्याच्या चौकीतच चोराने बिऱ्हाड करावे तसा हा प्रकार. आता या पेशींना स्निग्ध कण दिसला की त्या तो गिळतात. औषधाची पुटिकाही त्या गिळतात आणि औषध नेमके चोराच्या बिऱ्हाडी जाऊन पोहोचते. मूत्रपिंडाकडे त्यातील फारच थोडे जाते. म्हणून मात्रा एकदम मोठी देता येते, आणि ती ऊतकांत बरेच दिवस टिकते.

मग सगळी मात्रा एकाच दिवशी दिली तर? २००१ साली या गटाने शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम अशी एकच मात्रा देऊन पाहिली. दहांत नऊ बरे झाले. आशा वाटावी असा हा निकाल होता, पण दहावा रोगी त्यांना स्वस्थ बसू देईना. शेवटी मात्रा दुप्पट करून मुजफ्फरपूरच्या केंद्रात मोठी चाचणी घेण्यात आली. श्याम सुंदर यांच्याबरोबर जया चक्रवर्ती, दीप्ती अग्रवाल, मधुकर राय आणि न्यूयॉर्कचे हेन्री मरे हे तिचे संशोधक. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने ४१२ रोगी वाटले गेले: ३०४ जणांना नव्या औषधाची एकच मात्रा, १०८ जणांना जुन्या औषधाच्या पंधरा. एका गटातील रोगी दुसऱ्या दिवशी घरी गेला. दुसऱ्या गटातील रोगी महिनाभर खाटेवर राहिला. सहा महिन्यांनी दोघांनाही पुन्हा तपासले. एकाच मात्रेने शेकडा ९५.७ आणि पंधरा मात्रांनी शेकडा ९६.३ रोगी पूर्ण बरे झाल्याचे आढळले.

२०१० च्या फेब्रुवारीत हा निकाल प्रसिद्ध झाला. वरवर पाहणारा म्हणेल, नवे औषध तसूभर मागेच पडले की! येथेच चाचणीचा हेतू ध्यानात घ्यावा लागतो. नवा उपचार जुन्याहून सरस आहे हे सिद्ध करायचे नव्हतेच. तो जुन्याहून लक्षात येण्याजोगा उणा नाही, एवढेच पाहायचे होते. गुण सारखा असेल, तर २९ आणि १ या दोन आकड्यांतील अंतर हीच खरी मिळकत. शिवाय अर्धवट उपचाराचा प्रश्नच मिटला; जो उपचार एका बैठकीत पुरा होतो, तो मध्ये सोडणार कसा? पुढच्याच वर्षी, म्हणजे २०११ साली, ६३४ रोग्यांच्या दुसऱ्या एका चाचणीत दोन दोन औषधांच्या जोड्याही वापरून पाहण्यात आल्या आणि त्यांनी शेकडा ९७ हून अधिक रोगी बरे झाले.

औषधाची किंमत मात्र मजुराच्या आवाक्यातील नव्हती. अमेरिकी उत्पादकाशी जागतिक आरोग्य संघटनेने बोलणी करून प्रथम किंमत उतरविली आणि पुढे औषध देणगी म्हणून मिळू लागले. २०१४ साली भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने एकाच मात्रेचा उपचार स्वीकारला. औषध २५ अंशांहून अधिक उष्णतेत टिकत नाही आणि बिहारचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. म्हणून ज्या आरोग्यकेंद्रात शीतपेटी चालते तेथेच ते ठेवता आले. बुडालेल्या मजुरीपोटी केंद्र सरकारकडून ५०० आणि बिहार सरकारकडून ६,६०० रुपये रोग्याला देण्याची योजनाही झाली. दिवसांचा हिशेब अखेर सरकारी दप्तरातही शिरला. राष्ट्रीय कार्यक्रमाचे मुख्य औषध एका परदेशी कंपनीच्या औदार्यावर अवलंबून असावे, ही गोष्ट मात्र निश्चिंत होण्यासारखी खासच नाही.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले असा समज कोणी करून घेऊ नये. औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्यास रोग घटेल असे वाटत होते. भारत आणि नेपाळमधील २६ वस्त्यांत, वाराणसीच्या संशोधकांच्या सहभागाने, ती कल्पना पारखली गेली. २०१० साली निकाल आला तो असा, की संसर्गात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वाळूमाशी केवळ अंथरुणापाशीच चावते असे नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण. तसेच पूर्व आफ्रिकेत एकाच मात्रेचा उपचार करून पाहिला, तेव्हा तेथील रोग त्याला पुरेसा दबला नाही आणि चाचणी थांबवावी लागली. बिहारमध्ये जे खरे, ते सुदानमध्ये पुन्हा तपासूनच घ्यावे लागते.

भारतातील आकडे मात्र वेगाने उतरले. एकाच मात्रेच्या उपचाराबरोबर नव्या कीटकनाशकाची फवारणी, घरोघर रोग्यांचा शोध आणि पट्टीने तत्काळ निदान, या सर्वांचे ते फळ आहे. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल येथील ६३३ तालुका-गटांत दर दहा हजार वस्तीमागे वर्षाला एकाहून कमी रोगी, हे उद्दिष्ट होते. २०२३ अखेर ते सर्व गटांत साधले. त्या वर्षी देशभरात नोंदलेले रोगी सहाशेच्याही आत होते. उद्दिष्टाची मूळ मुदत २०१० होती आणि ती एकदा नव्हे, अनेकदा पुढे ढकलावी लागली, हेही सांगितले पाहिजे.

आता मोठा प्रश्न उरतो तो असा, की रोगी इतके थोडे झाल्यावर परोपजीवी लपतो कोठे? बिहारच्या ज्या गावांत काळा आजार आहे, तेथे त्याचा संसर्ग झालेली, पण कधीच आजारी न पडलेली माणसे रोग्यांहून कितीतरी अधिक असतात. ती जर माशीला संसर्ग देत असतील तर निर्मूलनाची आशा सोडावी लागेल. वाराणसीचे ओमप्रकाश सिंह, श्याम सुंदर आणि अमेरिकेतील डेव्हिड सॅक्स यांच्या गटाने याचा छडा लावण्यासाठी एक विलक्षण प्रयोग केला. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, निर्दोष वाळूमाश्या पाळल्या आणि संमती देणाऱ्या माणसांच्या कातडीवर त्यांना चावू दिले. मग प्रत्येक माशी तपासली. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. तापाने आजारी असलेल्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी माश्यांना संसर्ग दिला. वरून निरोगी दिसणाऱ्या संसर्गितांपैकी एकानेही दिला नाही.

परंतु तिसरा एक गट होता. काळा आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, काहींच्या चेहऱ्यावर आणि अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी उठतात. ताप नसतो, वेदना नसते, अन्न गोड लागते, कामावर जाता येते. चट्टे पाहून कोणी कोड समजतो, कोणी महारोग समजून लपवितो. या माणसांपैकी काहींनी माश्यांना संसर्ग दिला. त्यांच्यावरील उपचार अजून आठवड्यांचाच आहे, दिवसाचा झालेला नाही. आणि ज्याला काहीच दुखत नाही, त्याने आठवडेच्या आठवडे औषध का घ्यावे, हे त्याला पटविण्यासाठी आरोग्यसेविकेला त्याच्या दारी पुनः पुन्हा जावे लागते.